कोठाराच्या भिंतीवरचं वाक्य

मी गाव सोडलं ते बाबांच्या ट्रेलरमधून. मागे लांबलचक कंटेनर, पुढे केबिनमध्ये मी, माझी पत्र्याची पेटी आणि काचेला लटकवलेलं लिंबू-मिरची. न्हावा शेव्याच्या बंदरातून उचललेला माल बाबांना चाकणला टाकायचा होता आणि तसंच पुढे मला पुण्याला. "दोन्ही माल येकाच फेरीन," असं म्हणून ते स्वतःच हसले. आय हसली नाही. आदल्या दिवशीच्या हळदीत गाऊन गाऊन तिचा घसा बसला होता. मिठागराच्या बांधापर्यंत ती चालत आली, पदराखालून खडेमिठाची पुडी काढली आणि केबिनच्या पायरीवर ठेवली. आमच्यात मीठ कोणाच्या हातात देत नाहीत, दिलं तर दोघांत वाजतं म्हणतात. खाली ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. मी पुडी उचलली, तेव्हा ती त्या बसलेल्या आवाजात म्हणाली, "तिथं नीट बोल गो बाय. आपल्यासारखा बोलू नको. हसतील."

बाकी काही नाही. अभ्यास कर नाही, जपून राहा नाही. ट्रेलर वळेपर्यंत ती बांधावर उभी होती आणि मग वळून मिठागरात उतरली, कारण ऊन चढत होतं आणि मीठ कोणासाठी थांबत नाही.

आईबापांचे उपदेश कोण एवढे मनावर घेतं? मी मात्र हा एक घेतला, आणि असा घेतला की त्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात मी वाढणाऱ्या मावशींना "मना भात नको" म्हणाले आणि समोरच्या मुलीनं चमचा खाली ठेवून विचारलं, "तू नक्की मराठीच ना?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं, खरंच उत्सुकतेनं विचारलं होतं तिनं. पण त्या दिवसापासून मी मराठी अशी शिकायला लागले जशी लोक परदेशात जायच्या आधी तिथली भाषा शिकतात. आरशासमोर उभी राहून 'बाण', 'पाणी', 'वेणी' म्हणायचे. 'डोळे' म्हणताना जीभ कुठे लागते ते बघायचे. वर्षभरात मी इतकी नीट बोलायला लागले की पुण्यातल्या मुली माझ्याकडून निबंध तपासून घ्यायच्या. आणि पुढे तर तोच धंदा झाला. एका प्रकाशन संस्थेत मी संपादक आहे. लोक वाक्यं लिहितात, मी ती नीट करते. लेखक मोठा असो की होतकरू, त्याचं वाक्य माझ्या हाताखालून गेल्याशिवाय छापखाना बघत नाही, आणि ह्याचा मला माज होता असं कोणी म्हणालं तर मी भांडणार नाही.

तुम्ही जे गावात राहिलात त्यांना बाकीचं सांगायची गरज नाही. जे माझ्यासारखे निघालात, कोणी ठाण्याला, कोणी दुबईला, कोणी नुसतं खाडीपलीकडे पनवेलला, त्यांनाही नाही. ऑफिसात अजून मला विचारतात, "रायगड? म्हणजे काशीदजवळ का?" कारण त्यांच्या लेखी रायगड म्हणजे एक बीच, नारळपाणी आणि परतीच्या वाटेवर ट्रॅफिक. आधी मी समजावून सांगायचे की आमच्याकडे वाळू नाही, चिखल असतो, खारफुटी असते, मिठागरं असतात. आता "हो, तिकडेच" म्हणून मोकळी होते. शिवाय सांगणार तरी काय? जिथे आमच्या मिठाच्या राशी असायच्या तिथे आता कंटेनर एकावर एक रचलेले आहेत, निळे, तांबडे, जगभरातल्या कंपन्यांची नावं लिहिलेले. माझा धाकटा भाऊ जयवंत त्याच यार्डातून स्वतःचे ट्रेलर चालवतो. बाबा गेले, मिठागर गेलं. मिठागरातलं उभं राहिलं ते एकच, दगडी भिंतींचं मिठाचं कोठार. त्यात कोणी काही ठेवत नव्हतं, म्हणून ते कोणी पाडलंही नव्हतं.

आता आयबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिच्यामुळे घडली. आय धवलारीन आहे. बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे लग्नात भटजी असतो, पण त्याच्या आधी आणि त्याच्यापेक्षा जास्त वेळ धवलारीन असते. हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं, त्याला धवले म्हणतात. ती ओळ टाकते आणि शेजारी बसलेली जोडीदारीण ओळीचं शेपूट उचलते. शेपूट उचललं गेलं तरच ओळ पुरी झाली. आयला लिहिता-वाचता येत नाही, सहीपुरतं नाव गिरवते. पण धवले तिला तिच्या आत्यानं जसे दिले तसे आहेत, एक सबूद इकडचा तिकडे नाही. आणि ती गरीब गाय वगैरे मुळीच नाही. लग्नघरात खुर्ची पंख्याखाली मिळाली नाही तर ती उठून चालायला लागते, मग वरबाप मागे पळतो.

कॉलेजच्या सुट्टीत एकदा मी घरी होते आणि तिची जोडीदारीण लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. आयनं मला शेजारी बसवलं. नवरदेव पाटावर, अंगभर हळद, बायका गोळा झालेल्या. आयनं ओळ टाकली, मी शेपूट उचललं, आणि उचलताना माझ्या नव्या पुणेरी जिभेनं त्यातला एक सबूद स्वच्छ धुऊन काढला. आय थांबली. "सबूद मोडला," ती म्हणाली, "परत पयल्यापासून." आणि तिनं तो अख्खा धवला पुन्हा पहिल्या ओळीपासून धरला. नवरदेवाच्या अंगावरची हळद वाळून तडकली, वऱ्हाडी कुरकुरले, तिला फरक पडला नाही. ती माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. तिच्या लेखी तो रागावण्याचा विषयच नव्हता. सबूद मोडला की पहिल्यापासून, बस. त्यानंतर तिनं मला कधी शेजारी बसवलं नाही. मला अपमान वाटला आणि सुटल्यासारखंही वाटलं.

तर ह्या वर्षी गावातल्या पोरांनी ते कोठार साफ केलं आणि तिथे वाचनालय करायचं ठरवलं. रॅक आले, पंखे आले, जुनी पुस्तकं मीही पोत्यानं पाठवली. दर्शनी भिंतीवर साहित्याबद्दल एक चांगलं वाक्य रंगवायचं, असं कमिटीचं मत पडलं. मोठ्यामोठ्यांची वाक्यं नकोत, ती सगळीकडे असतात, आपल्या गावातलं काहीतरी हवं. मग जयवंतचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "ताई, गावातून एक लाईन आली आहे. सगळ्यांनी फायनल केली. तू फक्त करेक्ट करून पाठव, पेंटर रेडी आहे."

खाली वाक्य होतं:

'मीठ ताटान दिसत न्हाय, पन नसला का पयल्या घासाला कलतं, तसाच हाय साहित्य, आमचे आयचे धवले पन.'

खरं सांगते, मला फार आनंद झाला. वाक्याचा नाही, विचारल्याचा. इतक्या वर्षांत गावानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. घराच्या नव्या स्लॅबच्या वेळी नाही, मिठागर गेलं तेव्हा नाही. मी सणाला येणारी पाहुणी होते, जिला चांगल्या कपात चहा देतात. तिथे माझं म्हणावं असं काहीच उरलं नव्हतं. आता कोठाराच्या भिंतीवर, मिठागराच्या उरलेल्या एकुलत्या एका भिंतीवर, माझ्या हातचं काहीतरी राहणार होतं. मी दुपारची सगळी कामं बाजूला सारली आणि त्या वाक्याला बसले.

आणि काय बसले! आधी मी ते प्रमाण मराठीत आणलं. मग म्हटलं, 'पयल्या घासाला' फार घरगुती आहे, काढलं. 'ताटात' कशाला, 'अन्नात' म्हणू. शेवटचं ते 'आमचे आयचे धवले पन' बघून तर मला हसूच आलं. आयला खूश ठेवायला कमिटीतल्या कोणीतरी चिकटवलेलं दिसतंय, असं मला वाटलं. सार्वजनिक भिंतीवर कोणाच्या आईचा उल्लेख कशाला? ते मी एका फटक्यात उडवलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दाखवलं, तो म्हणाला, "आता कसं गोळीबंद झालं." संध्याकाळी मी जयवंतला पाठवलं ते असं:

'मीठ अदृश्य राहूनही अन्नाला चव देते; साहित्य तसेच नकळत जीवनाला अर्थ देते.'

त्यानं अंगठा पाठवला. "आयला सांगितलं, ताईनं नीट करून दिलंय. आय लय खूश."

उद्घाटनाला मी गेले. गाडीतून उतरले तेव्हा उन्हं कलली होती आणि कोठारासमोर मांडव, खुर्च्या, स्पीकर. भिंत पांढरीशुभ्र आणि तिच्यावर निळ्या ऑइलपेंटनं माझं वाक्य, अक्षरं हातभर उंच. पेंटरनं अर्धविरामसुद्धा नीट काढला होता. मी थोडा वेळ लांबूनच बघत उभी राहिले. मी मनात म्हटलं, चला, आता मी इथली आहे.

आयला नवं लुगडं नेसवून पहिल्या रांगेत बसवलं होतं, अर्थात पंख्याखाली. नारळ फुटला, दोन भाषणं झाली. मग निवेदन करणारा मुलगा म्हणाला की गावच्या धवलारीनबायनी भिंतीवरचा विचार वाचून वाचनालय सुरू करावं. मी दचकून जयवंतकडे बघितलं. तिला वाचता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण आय आरामात उठली, माइक हातात घेतला, भिंतीकडे वळली आणि बोट त्या निळ्या अक्षरांवर धरून, एकेका शब्दाखालून बोट सरकवत, मोठ्यानं 'वाचायला' लागली:

"मीठ ताटान दिसत न्हाय, पन नसला का पयल्या घासाला कलतं, तसाच हाय साहित्य..."

इथे ती थांबली, जशी ती मांडवात थांबते. आणि समोरच्या रांगांतल्या, आयच्या तोंडून हा बोल आठवडाभर ऐकलेल्या बायकांनी सवयीनं शेपूट उचललं: "आमचे आयचे धवले पन!"

मग आय माइकमध्ये म्हणाली, "यो बोल माझे पोरीचा हाय. चवथीन हुती तवा बोल्लेली. मी ठेवलेला."

धक्का बसला, असं आपण सहज लिहितो. मी तर दिवसातून चार वेळा ते शब्द कोणाच्या तरी मजकुरातून खोडते. त्या दिवशी मला कळलं की तो बसतो म्हणजे नेमका कुठे बसतो. पुढच्या खुर्चीची पाठ मी धरली ती सोडवेना. स्पीकर चालू होता, टाळ्या होत होत्या, मला फक्त ओठ हलताना दिसत होते. माझा बोल? मी? कधी? आणि मग, कोणीतरी कडी काढल्यासारखं, सगळं एकदम समोर आलं.

चौथीचा वर्ग. वक्तृत्व स्पर्धा, विषय 'साहित्य आणि आपण'. बाकीची मुलं घरून पाठ करून आली होती. मला कोण लिहून देणार? चौलकडच्या सुपारीच्या वाडीतल्या बाई होत्या आम्हाला, चांगल्या होत्या, मुलांवर जीव होता त्यांचा. त्यांनी विचारलं, "बोल, साहित्य म्हणजे काय?" आणि मी बाकावर उभी राहून जे सुचलं ते बोलले. मिठाच्या घरातलं पोर, मिठाशिवाय दुसरं काय सुचणार? वर्ग खदखदून हसला. बाईंनाही हसू आवरलं नाही. "अगं, आईची लग्नातली गाणी म्हणजे साहित्य होय? बस खाली," म्हणाल्या. मी खाली बसले नाही. दप्तर तिथेच टाकून रडत मिठागरात पळाले. आय दाताळ्यानं मीठ ओढत होती. काय झालं ते मी हुंदके देत सांगितलं. तिनं बाईंना शिव्या दिल्या नाहीत की मला जवळ घेतलं नाही. दाताळं उभं धरून एवढंच म्हणाली, "का बोल्लीस तां परत बोल." मी बोलले. "अजून येकदा." मी बोलले. तिनं मान हलवली आणि मीठ ओढायला लागली. तिला काही वाटलंच नाही, असं मी तेव्हा समजले, आणि त्या बाकावरच्या मुलीला मी इतकं खोल पुरलं की मला स्वतःलाही सापडू नये.

आणि आय ते घेऊन बसली होती. आत्याकडून धवले घेतले तसंच माझ्याकडून हे घेतलं होतं, दोनदा ऐकून, कायमचं. कमिटीनं बोल मागितला तेव्हा तिनं तोच काढून दिला आणि जयवंतला म्हणाली, बायकडून नीट लिहून आण. तिच्या हिशेबी 'नीट' म्हणजे चांगल्या अक्षरात, काना-मात्रा ठसठशीत. दुसऱ्याचा सबूद हातात आल्यावर कोणी तो बदलेल, हे तिच्या धंद्यात बसतच नाही. म्हणून ती त्या भिंतीसमोर छाती काढून उभी राहिली आणि तिला ठाऊक असलेलं तिनं वाचलं. तिला काय माहीत की वरती दुसरंच काही आहे!

आणखी एक गोष्ट मला कळायला थोडा वेळ लागला, आणि ती कळल्यावर मी पुन्हा हादरले. त्या मांडवातल्या बहुतेक सगळ्यांना वाचता येत होतं. सगळ्यांना दिसत होतं की आय बोलते ते भिंतीवर नाही. एकानंही चूं केलं नाही. कोणी हसलं नाही, खाकरलं नाही, शेजारच्याला कोपर मारलं नाही. त्यांनी भिंतीकडे बघितलं, आयकडे बघितलं, आणि टाळ्या वाजवल्या.

माणसं चहाला पांगल्यावर जयवंतनं मला कोठारामागे ओढलं. त्याचा चेहरा पडला होता. "ताई, मला पण माहीत नव्हतं गं. मी समजलो आयचीच लाईन आहे. तू करेक्ट केलीस म्हणजे बरोबरच असणार ना? आता जाऊ दे. तिला वाचता येत नाही, गावात कोणी बोलणार नाही. कशाला टेन्शन देतेस तिला?" तो चुकीचं बोलत नव्हता. आय सुखात होती. उरलेलं आयुष्य ती त्या भिंतीवर बोट फिरवून माझा बोल आल्यागेल्याला वाचून दाखवणार होती आणि गाव मान डोलावणार होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तिचं ते सरकणारं बोट येत होतं. एकदा सगळा वर्ग तिच्या मुलीवर हसला होता. आता सगळा गाव तिला हसू नये म्हणून तोंड आवळून बसणार, आणि ते माझ्यामुळे? मला ते सोसेना.

आत ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बशीतून चहा पीत होती. पेंटर दाराची चौकट रंगवायची राहिली म्हणून थांबला होता, वडापाव खात होता. मी तिच्यासमोर बसले.

"आय, भिंतीवर तो बोल नाही."

"कंचा?"

"माझा. चौथीतला. मी ओळखला नाही गं. गावातलं कोणाचं तरी आहे समजून मी तो बदलला. भिंतीवर दुसरंच लिहिलंय."

तिनं बशी खाली ठेवली. उघड्या दारातून भिंतीची कड दिसत होती, तिकडे बघितलं. मी रडण्याची, बोलणी खाण्याची तयारी केली होती.

"का लिवलंय मंग?" तिनं विचारलं. "बोल बगू."

मी वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटले, हात गुडघ्यावर ठेवला, नव्या जोडीदारणीचा आवाज जोखताना ठेवते तसा. "परत बोल," ती म्हणाली. मी परत वाचलं. माझं ते गोळीबंद वाक्य त्या कोठारात दुसऱ्यांदा ऐकताना मलाच ते बँकेच्या कॅलेंडरवरचं वाटलं.

"बरा हाय," ती म्हणाली. मग डोळे उघडून अगदी साधेपणानं, खरंच माहिती हवी म्हणून विचारावं तसं, तिनं विचारलं, "पन यो कोनाचा?"

असली वाक्यं मी रोज तयार करते. कुठल्याही पुस्तकाच्या पाठीवर चालतील, कुठल्याही समारंभात, कुठल्याही गावात. ते कोणाचंच नव्हतं. माझंही नव्हतं. ह्या भिंतीवर माझं काहीतरी राहावं म्हणून मी धडपडले होते आणि माझं जे होतं तेवढंच नेमकं मी पुसलं होतं.

"आय, र्‍हाऊ दे ना," जयवंत दारातून म्हणाला. "पेंट सुकला पण. मस्त दिसतंय, खरंच."

"सुकला त सुकू दे. सबूद मोडला ना?" आय उठली, लुगडं सारखं केलं. "मंग परत पयल्यापासून."

राग नाही, रुसवा नाही. मांडवातला नवरदेव तिष्ठला तसं आता सगळं वाचनालय तिष्ठणार होतं, एवढंच. पेंटरनं वडापाव घाईघाईनं संपवला आणि पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. माझी हातभर उंच अक्षरं बघता बघता गेली. अर्धविराम सगळ्यात शेवटी गेला.

पहिला हात वाळल्यावर पेंटर म्हणाला, "ताई, मॅटर द्या." मी फोन काढून जयवंतचा जुना मेसेज शोधायला लागले. आयनं हातानं फोन खाली केला. "त्यान नको बगू. मी टाकतंय, तू उचल." आणि तिनं मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं, सुट्टीतल्या त्या हळदीनंतर पहिल्यांदा. ती तुकडा टाकायची, मी तो उचलून पेंटरला द्यायचे, पेंटर खडूनं भिंतीवर आखायचा. मीठ ताटान दिसत न्हाय. पन नसला का. पयल्या घासाला कलतं. माझी जीभ प्रत्येक शब्दाला आधी पुण्याकडे वळायची आणि मी तिला परत आणायचे. तसाच हाय साहित्य, इथपर्यंत आलो आणि आय थांबली. पुढचं तिनं टाकलं नाही. माझ्याकडे बघत राहिली. ते शेपूट होतं, ते माझंच होतं उचलायचं.

"आमचे आयचे धवले पन," मी म्हणाले. मांडवात उचलतात तसं, मोठ्यानं. पेंटरनं मान वळवून बघितलं आणि परत खडू चालवायला लागला.

गाव सोडून गेलेल्यांना विचारलं तर प्रत्येकजण घर म्हणजे वेगळंच काही सांगतो. कोणी मिठागर सांगतो, कोणी खाडीचा वास, कोणी ज्या ओट्यावर आता टाइल्स बसल्या तो ओटा. मीही तेच सांगायचे आणि ते सगळं गेलं म्हणून हळहळायचे. आता मला एवढंच वाटतं की मी सुधारण्याआधी काय बोलले होते, ते कोणाच्या तरी तोंडात जसंच्या तसं आहे. ते तोंड आहे तोवर मला घर आहे. हे लिहितानासुद्धा भीती वाटते, कारण आयचा आवाज आताशा लवकर बसतो आणि तिच्या शेजारी बसायला तरुण पोरी फारशा येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. जयवंत गाडी काढत होता. आय आली, पदराखालून खडेमिठाची पुडी काढली आणि माझ्या हातात न देता सीटवर ठेवली. आता मिठागर नाही, हे मीठ कुठलं तरी विकतचं असणार. मी उचललं. ह्या वेळी ती 'नीट बोल' म्हणाली नाही.

"आय," मी म्हणाले, "मना थोडा सुका जवला पन दे."

तिनं काही विशेष झाल्यासारखं दाखवलं नाही. आत गेली आणि जवळा घेऊन आली.